बांबू, हाड आणि हवेतला हात

मी काय काम करतो, हे आई गावात एकाच वाक्यात सांगते : "पोरगं कम्प्युटरमधी हाडाले भोकं पाडते." खोटं नाही. शिकाऊ सर्जनांना व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेटचा चष्मा चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, सराव करता यावा, म्हणून मांडीच्या मोडलेल्या हाडावर प्लेट बसवतानाचं ड्रिलिंग मला बनवायचं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी, टिनाखाली बसून.

लांब हाड म्हणजे नळी. अलीकडची भिंत कडक, मध्ये मऊ मज्जा, पलीकडे पुन्हा कडक भिंत. ४.५ मिमीच्या स्क्रूसाठी ३.२ मिमीचा बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं पातं, लागतो. पलीकडची भिंत फुटली की ड्रिल सुटतं आणि मागच्या रक्तवाहिनीत किंवा नसेत घुसू शकतं. तिथंच थांबायला शिकायचं, बाकी सगळं त्यामानाने सोपं.

पण व्हीआरचा कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचा रिमोट, हात अडवत नाही, फक्त थरथरतो. हात खरोखर अडवणारी यंत्रं असतात. डोळ्यांना सेकंदाला ९० चित्रं पुरतात, पण त्या यंत्रांना सेकंदाला हजारेक वेळा जोर मोजून द्यावा लागतो. आमच्या पैशात ती बसत नव्हती. म्हणून दोन महिने मी थरथरीचे नमुने बदलत बसलो. हाडांच्या डॉक्टरांनी एकदा हातात घेतलं आणि म्हणाले, "हे हाड नाही, खिशात मोबाईल वाजतोय."

मग गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. बांबूही नळीच की! पहिल्याच भोकाला मी जोर लावला, बिट आरपार गेला आणि मशीनचं तोंड बांबूवर आदळलं. काका हसले. "दाबतं काऊन बाप्पा? मशीनले खाऊ दे. अन् आवाज आयक." भिंतीत शिरताना मोटर जड होते, आवाज खाली बसतो; भिंत फुटली की एकदम मोकळा होतो. तो आवाज मी फोनवर भरून घेतला.

घरी येऊन सगळी मांडणी बदलली. चष्म्यातलं ड्रिल आता हाडावर थांबतं, खरा हात पुढे जातो. दोघांतलं अंतर म्हणजे तुमचा जोर. भिंत फुटली की ड्रिल तेवढं अंतर उडी मारतं. जो जास्त दाबेल, तो जास्त आत घुसेल; वेगळी शिक्षा ठरवायची गरजच नाही. मला ही युक्ती भारी आवडली, पण रिकाम्या हवेत प्रत्येकाचा हात वीतभर पुढे जायचा. काकांनी सागाच्या फळीवर जुन्या सोफ्याचा फोम बसवून दिला. बंद पडलेल्या ड्रिलला कंट्रोलर बांधला, तर तो ड्रिलच्या आड जाऊन हेडसेटच्या कॅमेऱ्यांना दिसेना. म्हणून पट्टी लावून बाहेर काढला. आता ड्रिलचं टोक नेमकं कुठे? फळीत बारीक खळगा केला, टोक त्यात रोवून मशीन चहूबाजूंनी कलवलं. टोक जागचं हलत नाही, कंट्रोलर फिरतो; त्यावरून हिशेब निघतो.

फोम भिंत फुटल्यावर मोकळा होत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथं झटक्याची थरथर घालावी, असं टीममधल्यांचं म्हणणं होतं. मी घातली नाही. हाताला खोटी खूण शिकवली तर तो खऱ्या ऑपरेशनमध्येही तीच शोधणार. तो क्षण कानावर आणि डोळ्यावर सोडला.

मे महिन्यात टिनाखाली हेडसेट तापून बंद पडायचा, म्हणून चाचण्या पहाटे पाचला.

डॉक्टरांनी या वेळी मान डोलावली. काकांनाही हेडसेट घातला. "हा पाय कोणाचा होय?" विचारून झाल्यावर त्यांनी ड्रिल धरलं आणि सवयीने डावा हात पुढे नेला, बिट घसरू नये म्हणून. हात हवेतच चाचपडत राहिला. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आमच्या डाव्या हातात तिथं ड्रिलची नळी असते, बिट तिच्यातूनच जातो." डाव्या हाताला आम्ही काहीच दिलं नव्हतं. सध्या काका सागाचीच एक मूठ तासतायत.