बंबाच्या टाकीतलं पाणी

वजनकाट्यावरच्या खिडकीतून पोराने चिठ्ठी बाहेर सरकवली. लोबेड ट्रेलरचं रिकामं वजन सकाळीच झालं होतं. ते वजा जाता माल 6,120 किलो. मी आकडा दोनदा वाचला. भंगाराच्या दराने, किलोला 34 रुपयांनी, व्यवहार ठरला होता आणि या जुन्या फार्गो अग्निशमन बंबाचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास भरणार, असा हिशेब मी महिनाभर करत होतो. बरोबर आणलेले पैसेही त्याच हिशेबाने. हे जवळपास दोन टन जास्तीचं लोखंड आलं कुठून?

"पाणी हाय की त्यात," मागून आण्णा म्हणाले. "टाकी भरल्याली हाय."

आता थोडं मागचं. मी साताऱ्याजवळच्या लिंबचा. लहान असताना आमच्या गल्लीच्या टोकाला कडब्याची गंज पेटली होती आणि साताऱ्याहून बंब आला होता. तोवर माझ्या लेखी बंब म्हणजे न्हाणीघरातला, आजी रोज सकाळी पेटवायची तो तांब्याचा. हा लाल, पितळी घंटेचा, माणसं अंगावर घेऊन धावणारा बंब मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला आणि तो डोक्यातून कधी गेलाच नाही. पुढे जुन्या गाड्यांचा नाद लागला, दोन जीपा उभ्या केल्या, पण बंब मिळेना. नगरपालिकांचे जुने बंब लिलावात जातात आणि लिलावातून थेट कटरखाली. 1 एप्रिल 2023 पासून तर सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच पुढे चालू ठेवता येत नाही. नियमामागचं कारण मला कळतं. पण त्या गाड्यांबरोबर काय काय कापलं जातंय, हे कुणी पाहत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग मिरजेच्या पूर्वेला, कवठेमहांकाळच्या बाजूला बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात बंब उभा असल्याचं समजलं. 1964 चा फार्गो. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची ही ट्रकची जात. आपल्याकडे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधली. मूळ कुठल्याशा नगरपालिकेचा, तिथून गिरणीत आलेला. गिरणीचं सगळं भंगार एका ठेकेदाराने उचललं होतं आणि बंब त्यातच मोजला होता. एका आठवड्यात तो कापणार होता.

आण्णा त्या गिरणीतले बंबाचे ऑपरेटर. गिरणी बंद झाल्यावर तिथेच राखणदार म्हणून राहिले. मी पहिल्यांदा बंब बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला ना गाडीची किंमत विचारली ना माझं नाव. "पावनं, पंप बगायचाय का निसतं लोखंड?" एवढंच विचारलं. पंप बघायचाय म्हटल्यावर मागचं झाकण उघडलं. आतली पितळ एवढी लखलखीत होती की बाकीच्या गाडीचा गंज मला दिसेनासा झाला. गनमेटलचे कपलिंग, 63 मिलिमीटरचे, एकाचाही दात मोडलेला नाही. बाजूला सक्शन पाइप, टोकाला जाळी. पंप आधी प्राइम का करावा लागतो, म्हणजे पाण्याने भरून आतली हवा का काढावी लागते, हे त्यांनी मला जमिनीवर काडीने रेघा मारून समजावलं. असला पंप हवा ओढू शकत नाही. आत थोडी जरी हवा राहिली तरी तो नुसता गरगरतो आणि पाणी चढत नाही. आणि सगळं बरोबर असलं तरी सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी तो वर घेत नाही. "हिरीवर बंब लावायचा तर आदी हीर किती खोल ते बगायचं," असं त्यांनी बजावलं. आमच्या लिंबची खोल बारा मोटांची विहीर माझ्या डोळ्यांपुढे आली आणि तिच्यावर बंब लावायचा बेत तिथेच बारगळला.

पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवती दोरी भरून पाणी अडवतात त्या जागेतून, पाण्याचे थेंब पडत होते आणि खाली एक बादली ठेवलेली होती. तीही मी पाहिली होती. तरी टाकी भरलेली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पंपाच्या आत कुठेतरी थोडं पाणी राहिलं असेल, असं वाटलं. लेव्हलची काच आतून काळी पडली होती आणि ठेकेदार म्हणाला होता, रिकामी आहे. बंब ट्रेलरवर चढवताना हायड्रा क्रेनवाला "लई जड हाय ओ" म्हणाला, तेही कानाआड गेलं.

तर काट्यावर आमचं भांडण झालं. ठेकेदाराचं म्हणणं, काट्यावर जे आलं ते आलं. म्हणजे 1,800 किलो पाण्याचे मी लोखंडाच्या भावाने एकसष्ट हजार द्यायचे. टाकी रिकामी आहे असं त्यानेच सांगितलं होतं आणि आता तोच "तुम्ही बघून घ्यायचं होतं" म्हणत होता. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. अर्धा तास हुज्जत घातल्यावर तो पुन्हा वजन करायला तयार झाला, वर "पाणी तुमचं तुम्ही काढा" असंही ऐकवलं.

ट्रेलरच्या ड्रायव्हरने खालचा कॉक सोडायला पाना उचलला, आणि तोवर गप्प असलेले आण्णा एकदम आडवे आले. "असं भुईवर न्हाय सोडायचं."

मग त्यांनी सांगितलं. गिरणी बंद झाली, बॅटरी गेली, इंजिन धरलं, टायर बसले, तरी त्यांनी टाकी भरलेलीच ठेवली होती. बंब रिकामा उभा करायचा नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना शिकवलेलं. ग्लँड गळायला लागला तेव्हा नवी दोरी भरायला पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी खाली बादली लावली आणि रोज सकाळी ती टाकीत परत ओतली. उन्हाळ्यात कमी पडलं तर हापशावरून आणून भरलं. मी विचारलं, "पण आण्णा, इंजिनच बंद होतं, मग पाण्याचा उपयोग काय?" ते म्हणाले, "इंजिन न्हवतं. पानी तर हुतं. आजूबाजूला पेटलं तर बादल्यांनी काडलं असतं."

कापसाची आग म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिलंय तोच असं बोलू शकतो. गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. फोडून, पसरून भिजवल्याशिवाय ती मरत नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये जे फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली होती. ती आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान परत आले नाहीत. त्यांच्या आठवणीत 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. गिरणी बंद झाल्यावरही आण्णा दरवर्षी त्या दिवशी बंब धुवायचे. दसऱ्याचा वाळलेला झेंडू तर बोनेटला अजून अडकलेला होता.

काट्याच्या पलीकडच्या रानात ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या होत्या. म्हैसाळ योजनेने कृष्णेचं पाणी उचलून तिकडे नेल्यापासून त्या भागातही ऊस झाला, आणि ऊस आला तिथे हंगामाला टोळ्या आल्या. आण्णांनी बंबावरचा होजपाइप काढला, कपलिंग टक्कन बसवलं, आणि कोप्यांकडे बघून हाक दिली, "बायांनो, भांडी आणा! प्यायचं न्हाय, धुण्याला आन् जनावरास्नी!"

पुढचा एक तास मी विसरणार नाही. घागरी, तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एका पोरीच्या हातात तर नुसता तांब्या. पाणी आधी विटकरी आलं, मग हळूहळू निवळलं. पंप चालू नसल्यामुळे जोर नव्हता. ट्रेलरच्या उंचीवरून आपसूक उतरत होतं तेवढंच. पण आण्णांनी नोझल दोन्ही हातांनी, कोपर अंगाशी घट्ट धरून पकडलं होतं, समोर आग असल्यासारखं. एकेक भांडं काठोकाठ भरल्यावरच ते पुढच्याकडे वळत. गाडीला जुंपलेले बैल सोडून आणले, त्यांच्यासाठी पत्र्याचं अर्धं पिंप भरलं. मधेच ठेकेदार घड्याळ दाखवायला आला. आण्णांनी मान वर केली नाही. मी शेजारी उभा राहून पाइप उचलून धरत होतो आणि माझा घसा दाटून आला होता. पन्नासेक बायका-पोरं तरी असतील. बंबाला हात लावून गेली नाही अशी त्यात कुणी नसेल.

शेवटी पाणी थांबलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, थोडं आत राहिलं तर राहू द्या. आण्णांनी ते काही चालू दिलं नाही. टाकीच्या आत आडव्या पत्र्याच्या भिंती असतात, वळणावर पाणी एका अंगाला उसळून गाडी कलंडू नये म्हणून. पण यातल्या दोन कुजल्यात हे त्यांना माहीत होतं. अर्धवट पाणी घेऊन रस्त्याला लागू नका, भरलेलं न्या नाहीतर कोरडं न्या, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वजनाला माल 4,310 भरला. मी 1,46,540 रुपये मोजून दिले.

निघताना आण्णांना आमच्याबरोबर लिंबला चला म्हटलं. "बंब बसवल्यावर बोलवा," म्हणाले. पितळी घंटेची जीभ त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. वाटेत वाजून वाजून घंटेला चीर जाईल, म्हणून काढून ठेवली होती.

रस्त्याचं काय सांगू. मिरज, मग विश्रामबाग. तिथे वालचंद कॉलेजवरून ट्रेलर गेला तेव्हा मी ड्रायव्हरला मुद्दाम सावकाश घ्यायला लावलं, कारण 1955 पासून ज्यांचं नाव या कॉलेजला आहे त्यांच्याच कारखान्यातली गाडी आम्ही नेत होतो. सांगली ते पेठ नाका मात्र मला पुन्हा नको. खोदलेलं, भरलेलं, परत खोदलेलं, आणि त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ताशी पंचवीसने चाललो आणि दर दहा किलोमीटरला उतरून साखळदंड आवळले. कराडच्या अलीकडे एका ढाब्याने इतकी लांब गाडी लावू दिली नाही. पुढच्याने लावू दिली, आणि मालकीणबाईंनी रात्री अकराला चूल पेटवून पिठलं-भाकरी केली. कराड ते लिंब मी झोपेतच आलो.

कृष्णा वाईकडून येते ती लिंबवरून कराडला आणि तिथून सांगलीला जाते. आम्ही तिच्या उलट दिशेने आलो होतो, हे मला घरी पोचल्यावर, घाटावर तोंड धुताना लक्षात आलं.

कागदांची अडचण आहेच. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, पण ते दुचाकी आणि चारचाकीसाठी. माझ्या बंबाला मागे जोडचाकं आहेत, म्हणजे सहा. आरटीओत दोन खेपा घातल्या, दोन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. बंबासाठी, जुन्या एसटीसाठी, ट्रकसाठी असा नियम व्हायला हवा, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. तोवर तो अंगणातच राहील. आधी टाकीतल्या दोन भिंती नव्या घालायच्या, मग इंजिन, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी.

टाकी मात्र तशीच भरली. उभ्या गाडीत पाणी उसळायचा प्रश्न नाही. शेजारच्यांची मोटर लावून नदीचं पाणी घेतलं, काठोकाठ. टाकीवर लाल रंगाखाली '400 गॅलन' आणि त्यावर नंतर कुणीतरी काढलेलं '1800 लि.' अशी दोन्ही अक्षरं दिसतात, ती मी घासून काढणार नाही. ग्लँड अजून गळतोय. दोरी कोल्हापूरहून मागवली आहे, यायची आहे. खाली बादली लावलीय. रात्रभरात ती अर्धी भरते, सकाळी मी शिडी लावून टाकीत परत ओततो.