पापुद्रा सुटलेली भाकरी

तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरवर आहात." त्या दिवसापासून माझ्या ताटावर बायकोचा पहारा आहे. बाहेर खायला परवानगी एकाच ठिकाणी, कोथरूडमधल्या एका गल्लीतल्या आठ टेबलांच्या 'हेल्दी' हॉटेलात. शिक्षा म्हणून जायला लागलो होतो. आता शनिवारची वाट बघतो.

मेनूकार्डावर बाजरीचा पिझ्झा आहे, हिरवंगार काहीतरी ग्लासातून येतं, त्यांच्या वाटेला मी जात नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून ज्वारीची 'मिलेट' झाली, तेही चालायचंच. मी थाळी मागवतो आणि भटारखान्याच्या खिडकीसमोरचं टेबल धरतो, कारण तिथून मावशींचा तवा दिसतो.

मावशी एकदम गोळाभर पीठ मळून ठेवत नाहीत. एका भाकरीपुरतंच घेतात, त्यात कढत पाणी. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे तळव्याने रगडून रगडून मळावं लागतं. त्यात आळस केला की थापताना कडा फाटल्याच. मग परातीत थापटत, फिरवत भाकरी ताटाएवढी होते. तव्यावर पिठाची बाजू वर, तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी जाळावर. टम्म फुगते. पापुद्र्यातून वाफ निघते तोच ताटात.

सोबत अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची कडकडीत फोडणी. जवसाची चटणी, कच्चा कांदा, ताक. पापुद्रा उचलायचा आणि चटणीवर तेल सोडून ती आत भरायची. (तेल किती, हे मी लिहीत नाही. हा ब्लॉग घरी वाचला जातो.)

एकदा मावशी रजेवर होत्या. त्या दिवशी जे आलं ते प्लास्टिकच्या कागदावर लाटलेलं, गार, कडेने तडकलेलं होतं. निम्मं ठेवून उठलो. पौष्टिक तेही असणार.

मागच्या शनिवारी मावशींनी खिडकीतूनच विचारलं, "गाव कुठलं?"

"मंगळवेढा."

"मग बरोबर." आणि न विचारता दुसरी भाकरी थापायला घेतली. मालदांडी ज्वारीच्या गावचा माणूस एका भाकरीवर उठत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताकाकडे.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला अंबाडीचं कौतुक नाही, साखरेचीही काळजी नाही. तिचा एकच प्रश्न, "थाळीला किती घेतात?"

मी खरी किंमत होती त्याच्या निम्मी सांगितली. तरीही ती बराच वेळ काही बोलली नाही.

"भाकरीचे?" ती म्हणाली.