भगताकडेच का जातात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी मी पालघरच्या डोंगराळ पट्ट्यात आरोग्यसेविका होते हे कळले की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: साप चावल्यावर ही आदिवासी माणसे दवाखाना सोडून भगताकडेच, म्हणजे झाडपाला-मंत्र करणाऱ्या गावच्या वैदूकडेच, का जातात, आणि इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना समजावले कसे नाही? लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात. एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझे तोंड उघडे असतानाच विचारले. पूर्वी मी शिबिरातले पाठ केलेले उत्तर देत असे, आणि त्यात 'अज्ञान' हा शब्द दोनदा तरी येई.

मुळात हा प्रश्न साप चावून झाल्यावर सुरू होतो, आणि माझे भांडण तिथेच आहे. देशात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली असतात. आमच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाच्या घरात भाताची कणगी असते, कणगीपाशी उंदीर येतात, त्यांच्या मागावर साप येतो, आणि त्याच सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकून पाच माणसे झोपलेली असतात. मण्यार रात्रीच हिंडते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचली तर मण्यार आत शिरणे कठीण होते. हिवतापासाठी सरकारी मच्छरदाण्या मी स्वतः वाटल्या. त्यांनी लोक मासे धरतात म्हणून रागावलेही. पण त्या सापासाठीही आहेत, हे एकाही घरात सांगितले नाही. मला तसे सांगायला कोणी सांगितले नव्हते, हे खरे आहे, आणि ते पुरेसे नाही, हेही खरे आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहिते आहे ती सांगते. २००३ सालच्या जुलैत, आवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात असताना, पहाटे सहाच्या सुमारास एक जोडपे नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन उपकेंद्रावर आले. पोटात कळा येत होत्या आणि दोनदा उलटी झाली होती. रात्री काय खाल्ले, असे मी विचारले. भात आणि खेकड्यांचा रस्सा, असे उत्तर आले, आणि माझ्यापुरते निदान तिथेच झाले. मी पोट दाबून पाहिले, क्षारसंजीवनीची दोन पाकिटे आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. आई म्हणाली, "बाई, तो डोळे उघडत नाही." मी म्हटले, "रात्रभर झोप नाही ना, म्हणून." ती पुन्हा काही बोलली नाही. मण्यारीच्या विषाने आधी पोट दुखते आणि मग पापण्या जड होतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलेले होते, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

घरी जाताना वाटेत भगताची झोपडी लागली. त्याने मुलाला वर बघायला सांगितले, पापण्या उचलल्या गेल्या नाहीत, तेव्हा तो म्हणाला, "याला पान लागलंय. माझ्या हातचं नाही. दवाखान्यात न्या." पान लागणे म्हणजे साप चावणे. ओढ्याला पाणी होते, डोली करावी लागली, जीप मिळेपर्यंत दहा वाजले. आरोग्य केंद्रात सापाची लस होती आणि ती दिलीही. पण मण्यारीच्या विषाने नसांची टोके एकदा निकामी झाली की लस ती लगेच पूर्ववत करू शकत नाही, श्वास यंत्रावर चालू ठेवावा लागतो, आणि यंत्र होते पुढच्या शहरात. मूल रस्त्यातच गेले.

मृत्यूच्या नोंदीत विलंबाचे कारण लिहायचे होते. मी लिहिले: प्रथम भगताकडे नेले. ते खोटे नव्हते, ते खरोखर त्याच्याकडे गेले होते. त्याआधी माझ्याकडे आले होते, एवढेच मी लिहिले नाही, आणि मला कोणी विचारले नाही.

यावरून सगळे भगत शहाणे आणि सगळ्या नर्सा दोषी, असे मी म्हणत नाही. घोणशीचा दंश झालेल्या एका बाईला दुसऱ्या एका भगताने दिवसभर झाडपाला बांधून ठेवले, आणि तिचे मूत्रपिंड गेले. तेव्हाचा माझा संताप आजही उतरलेला नाही. शिबिरात तावातावाने बोलणारी ती पूर्वीची मी अगदीच चूक होते, असेही मला वाटत नाही. आदिवासींना सापातले काय कळते, असे कोणी विचारले की मात्र मी सांगते की ज्या विषापासून आपली लस तयार होते, ते कित्येक वर्षे तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था पुरवीत आली आहे.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. तो वाचून मी त्या मुलाच्या आईकडे गेले. अधूनमधून जात असते. खाट घेऊन देते, असे म्हटले. ती हसली नाही, रागावलीही नाही. ती म्हणाली, "बाई, दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर जातो. तिथे खाट कशी न्यायची?" मच्छरदाणी तिने ठेवून घेतली.