रिचटेक्स्टमधली लिंक आणि होव्हर: माझा अनुभव

मदतीच्या पॅनेलमधल्या लिंक नीट दिसाव्यात, एवढंच काम होतं. गडद थीम लावली की निळ्या लिंक काळ्यात बुडून जायच्या. पॅनेल क्यूएमएलमध्ये आहे, म्हणजे क्यूटी या सॉफ्टवेअर-संचातल्या, पडदे रचायच्या भाषेत. तिच्यातल्या मजकूर दाखवणाऱ्या 'टेक्स्ट' घटकाला लिंकचा रंग ठरवणारी 'लिंककलर' ही प्रॉपर्टी आहे. ती लावली, पण रंग होता तोच. अर्धा दिवस मी थीमची फाइल चाळत बसले. उत्तर क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत होतं: ही प्रॉपर्टी स्टाइल्डटेक्स्टला (मोजकेच टॅग कळणाऱ्या साध्या प्रकाराला) लागू होते, रिचटेक्स्टला (टेबलसकट बरंच एचटीएमएल कळणाऱ्या प्रकाराला) नाही. मला मजकुरात टेबल हवं होतं, म्हणजे रिचटेक्स्ट सोडणं शक्य नव्हतं. मग मजकुराच्या सुरुवातीलाच स्टाइल टॅग (दिसण्याचे नियम लिहायची जागा) घालून लिंकचा रंग दिला आणि तो लागला.

खरा वेळ होव्हरने खाल्ला, म्हणजे पॉइंटर लिंकवर आला की ती वेगळी दिसावी यानं. वेबपानांच्या सवयीने 'ए:होव्हर' असा नियम लिहिला. काहीच झालं नाही, एररसुद्धा नाही. क्यूटीचं रिचटेक्स्ट म्हणजे ब्राउझर नव्हे. त्याला सीएसएस २.१चे (वेबपानं सजवायच्या भाषेचे) सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारे भाग, कळतात, पण होव्हर, व्हिजिटेड असे स्थिती सांगणारे स्यूडो-क्लास सोडून. शिवाय इथे लिंक हा स्वतंत्र घटक नसतोच, ती एका मोठ्या मजकुरातली काही अक्षरं असतात. पॉइंटर कुठे आहे ते घटकाला कळतं, आतल्या स्टाइलला नाही.

हे डोक्यात शिरल्यावर वाट सापडली. पॉइंटरखालच्या लिंकचा पत्ता 'टेक्स्ट' घटकाच्या 'होव्हर्डलिंक' या प्रॉपर्टीत मिळतो. तो पत्ता ॲट्रिब्यूट सिलेक्टरमध्ये बसवून स्टाइल टॅगमध्ये एक जादा नियम लिहिला: ज्या लिंकचा एचरेफ (टॅगमधला पत्ता) हा आहे, तिला हा रंग. पॉइंटर दुसऱ्या लिंकवर गेला की मजकूर नव्या नियमासह पुन्हा मांडला जातो. एकच पत्ता दोन ठिकाणी असेल तर मात्र दोन्ही लिंक एकदम उजळतात, म्हणून मी पत्त्यांना शेवटी वेगवेगळे तुकडे जोडले.

आधी होव्हरला अक्षरं ठळक करून पाहिली होती. तसं कधीच करू नये. ठळक अक्षरं जास्त रुंद असतात, त्यामुळे ओळ मोडते, लिंक पॉइंटरखालून खाली सरकते, होव्हर संपतो, लिंक परत वर येते आणि फडफड सुरू होते. रंग बदलल्याने मांडणी हलत नाही, म्हणून तेवढाच बदल ठेवला. हाताचा कर्सर मिळवायला वर एक माउसएरिया (माउसच्या हालचाली टिपणारा अदृश्य घटक) ठेवली आणि तिला एकही बटण घेऊ दिलं नाही, नाहीतर क्लिक लिंकपर्यंत पोचलीच नसती.

सुरुवातीला लिंकखालची रेघ मी काढून टाकली होती, पॅनेल स्वच्छ दिसतं म्हणून. ती परत आणली. ज्यांना रंगांतला फरक जाणवत नाही त्यांना नुसत्या रंगावरून लिंक ओळखता येत नाही, आणि डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांतला १.४.१ हा निकष नेमका त्याचसाठी आहे. टच स्क्रीनवर तर बोट टेकेपर्यंत होव्हर नसतोच. तिथे ती रेघच वाचणाऱ्याला सांगते की इथे दाबता येतं.