पोंता नेग्राच्या वाळूत

ऑक्टोबर 2024मध्ये कामासाठी मी ब्राझीलमधल्या मानाउसला होते. पुणे परिसरातून जाणारे दुचाकीचे सुटे भाग तिथल्या कारखान्यांत वेळेवर पोचवायचे, हे माझं काम. ॲमेझॉनच्या जंगलातल्या या शहरात कंटेनर येतात ते नदीतून, अटलांटिकपासून सुमारे दीड हजार किलोमीटर आत. दक्षिणेकडे जाणारा रस्ता मधे कित्येक किलोमीटर कच्चा आहे.

आमचा माल अडकला होता. पुण्याहून रोज एकच प्रश्न: "नक्की कधी?" तिथले गोदामप्रमुख म्हणाले, "चला, उत्तर दाखवतो," आणि मला पोंता नेग्राला घेऊन गेले.

पोंता नेग्रा म्हणजे रिओ नेग्रो नदीकाठची शहराची चौपाटी. फरसबंद रस्ता, उंच इमारती, शहाळी, तळलेला तांबाकी मासा. इथलं पाणी कोऱ्या चहासारखं. जंगलातला पालापाचोळा कुजून तो रंग येतो. पाणी आम्लधर्मी असल्यामुळे डासही कमी. एरवी सुट्टीच्या दिवशी अर्धं शहर या पाण्यात असतं म्हणे. त्या दिवशी पोहायला बंदी होती. वाळू संपता संपेना, नदी पार खाली गेलेली, पलीकडचा मोठा पूल वणव्यांच्या धुरात पुसट.

बंदीचं कारण त्यांनी समजावलं. बारमाही चौपाटी हवी म्हणून इथे वरून वाळू भरलीय. पातळी 16 मीटरच्या खाली गेली की भराव संपतो आणि तळ एकदम खोल होतो. पाऊल टाकलं की माणूस गेलाच. मानाउस बंदरात 1902पासून पातळी मोजतात. 2021मध्ये ती 30 मीटरवर होती, आता 12च्या आसपास, तोवरचा नीचांक. तीन वर्षांत अठरा मीटरचा फरक! भरलेली जहाजं वर येणार कशी? नदीच्या खालच्या अंगाला, इताकोआतियारा या गावी तरंगते धक्के उभारून कंटेनर बार्जवर, म्हणजे उथळ पाण्यात चालणाऱ्या सपाट तळाच्या नौकांवर, चढवत होते.

"तुमचा माल उशिरा का होईना, येईल," ते म्हणाले. "माझी आत्या नदीकाठच्या वस्तीत राहते. होडी चिखलात रुतलीय. पिण्याचं पाणी डोक्यावरून आणतात, भर उन्हात."

यावर मला काही बोलता आलं नाही. तिथेच वाळूत उभं राहून मी पुण्याला फोन लावला. तारीख दिली नाही, पाण्याची पातळी सांगितली. पुढच्या वर्षी कोरडे महिने सुरू होण्याआधीच जास्तीचा साठा पाठवायचा, हे त्याच फोनवर ठरलं. आमच्या आठवड्याच्या तक्त्यात आता पहिला रकाना रिओ नेग्रोच्या पातळीचा असतो.