पैसे कुणाचे, प्रश्न कुणाचा

पीएचडीला अर्ज करण्याआधी मी एका वाहतूक सल्लागार कंपनीत नोकरी करत होते. काम सिग्नलचं. चौकाचं चित्रीकरण बघून कुठल्या बाजूने किती गाड्या आल्या ते मोजायचं आणि वेबस्टरच्या सूत्रात आकडे घालून सिग्नलची सायकल, म्हणजे सगळ्या बाजूंच्या लाल-हिरव्या दिव्यांचा एक पूर्ण फेरा, किती सेकंदांची ठेवायची ते काढायचं. १९५८ साली मांडलेलं हे सूत्र गाड्यांचा खोळंबा कमीत कमी कसा राहील ते सांगतं. पायी चालणारा माणूस त्यात नाहीच. त्याला रस्ता ओलांडायला पुरेसे सेकंद मिळतात का ते मागाहून तपासायचं, आणि मिळत नसतील तर कुरकुरत हिरवा दिवा थोडा लांबवायचा. त्याचा खोळंबा कोण मोजणार? या एका प्रश्नापायी मी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं.

पदरचे पैसे घालून नव्हे, अर्थात. फंडिंग नसेल तर इंजिनिअरिंगची पीएचडी करू नये, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच वर्षं पूर्ण वेळ राबायचं आणि वर फीही आपणच भरायची, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

पण फंडिंग म्हणजे नेमके कुणाचे पैसे, हे आधी बघावं. फेलोशिप तुमच्या नावावर असते, ती असली की विषय निवडायला बरीच मोकळीक. टीचिंग असिस्टंटशिप विभागाची असते; अमेरिकेत साधारण आठवड्याला २० तास वर्ग, प्रयोग, पेपर तपासणं. नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेकदा सरळ नोकरीच असते, जागेची जाहिरात निघते, पगार मिळतो, आणि विषय बऱ्याचदा जाहिरातीतच लिहिलेला असतो. राहिली रिसर्च असिस्टंटशिप. आमच्या क्षेत्रात अनेकांचं पोट हिच्यावरच चालतं. हे पैसे गाईडच्या प्रकल्पातून येतात, प्रकल्पाला ते एखाद्या रस्ते खात्याने, मंत्रालयाने नाहीतर वाहन कंपनीने दिलेले असतात, आणि देणाऱ्याचा स्वतःचा एक प्रश्न असतो. माझ्या प्रश्नाला गिऱ्हाईक नव्हतं. मी शोधत होते तेव्हा जिकडे बघावं तिकडे स्वयंचलित गाड्या आणि एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्या.

म्हणून विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवल्या आणि प्रकल्पांपासून सुरुवात केली. प्रत्येक पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात आभार असतात, तिथे पैसे कुणी दिले ते लिहिलेलं असतं. मी पेपर तिथून उलटे वाचायला लागले. एकाच संस्थेचं नाव सलग काही वर्षं दिसलं, तर तिथे पैशाचा झरा अजून वाहता आहे असं धरायचं. प्रकल्प कधी सुरू झाला, कधी संपतो, हेही बहुतेकदा सापडतं. संपत आलेल्या प्रकल्पावर नवीन विद्यार्थी घेणारे गाईड मला जरा धोक्याचे वाटतात.

ईमेलबद्दल सगळे विचारतात. माझ्या सुरुवातीच्या ईमेल्समध्ये मी किती होतकरू आहे हे होतं, आणि उत्तरं येत नव्हती. ज्या ईमेलला उत्तर आलं त्यात एकच मुद्दा होता. त्या गटाच्या सिग्नलच्या मॉडेलमध्ये चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला होता. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेतही पूर्वी सेकंदाला ४ फूट, म्हणजे जवळपास तेवढाच वेग होता; २००९ च्या आवृत्तीत तो ३.५ फुटांवर आणला. २४ मीटर रुंद रस्त्यावर याने अडीच सेकंदांच्या आसपास फरक पडतो. वेग बदलला तर तुमचे निष्कर्ष टिकतील का, एवढंच मी विचारलं होतं.

मुलाखतीत मॉडेलचं गणित फारसं निघालं नाही. विचारलं ते असं: समजा खात्याने कबूल केलेला डेटा दिलाच नाही, तर काय करशील? वाहतुकीतल्या पीएचडीचं खरं दुखणं हेच. २००५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या महामार्गांवर कॅमेरे लावून प्रत्येक गाडीची जागा दर ०.१ सेकंदाला टिपली गेली. त्या एनजीसिम डेटावर जगभर इतके पेपर निघाले की काही विचारू नका. त्यातल्या काही गाड्यांचे प्रवेग खऱ्या गाडीला झेपणारे नाहीत, हे माहीत असूनही निघाले, कारण तसा दुसरा डेटा सहज मिळत नव्हता. मी म्हटलं, कॅमेरा घेऊन स्वतः चौकात उभी राहीन, ती सवय आहे. नोकरीतली ती कंटाळवाणी मोजणी अशी कामी आली.

दुसऱ्याच्या पैशावर दुसऱ्याचाच प्रश्न सोडवायचा, याचं वाईट वाटतं का? मला आठवतो अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी किती लोक तिने जातील, हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न होता. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा, मॅकफॅडनच्या मॉडेलचा ६.३, प्रत्यक्षात निघाले ६.२. माणसं पर्याय कसे निवडतात याच्या त्या सिद्धांताला २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रश्न साधा आहे की भारी, यावर सगळं ठरत नाही. अर्थात प्रत्येक तिमाही अहवालातून नोबेल निघत नाही, हेही खरं.

ऑफर आल्यावर मी गाईडपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी जास्त बोलले. पत्रात किती वर्षांची हमी आहे, की नुसतंच 'निधी उपलब्ध असल्यास'? उन्हाळ्यात पैसे मिळतात का? फी माफ म्हणजे सगळी माफ, की किरकोळ शुल्कं मागच्या दाराने येतात? प्रकल्प मध्येच संपला तर कोण सांभाळून घेतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रकल्पाचा डेटा प्रबंधात वापरता येतो का, की पैसे देणाऱ्याची परवानगी लागते? या शेवटच्या प्रश्नावर एक ऑफर मी सोडली. स्टायपेंड तिथे जास्त होता.

आता ज्या प्रकल्पावर आहे तो गाड्यांचाच आहे: कॅमेऱ्यातून रांगा ओळखून सिग्नल तिथल्या तिथे बदलायचा. पण कॅमेऱ्याच्या त्याच चौकटीत झेब्रावर उभी असलेली माणसंही दिसतात. ती माझ्या प्रबंधात येतील, हे रुजू होण्याआधीच लेखी घेतलं होतं. मागच्या अहवालात मी पादचाऱ्यांच्या थांबण्याचा एक आलेख शेवटच्या पानावर घातला. खात्याकडून त्यावरच विचारणा आली, हे बाकीच्या चौकांसाठी काढता येईल का. गाईडने ती ईमेल मला पुढे पाठवली, वर एकच ओळ लिहून: नव्या प्रपोजलचा पहिला मसुदा तुझा.