मामाच्या बोटीची टायमिंग चेन बदलली, त्याचा अनुभव

मामाची बोट रेवदंड्याला आणि मी नाशिकला, अंबड एमआयडीसीत माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. टायमिंग चेन म्हणजे क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवणारी साखळी. तर बोटीचं इंजिन इकडे कशाला आणलं ते आधी सांगतो. इंजिन जुनं आहे, शेवरलेचं ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८, कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन. बोट दोन सीझन प्लेनिंगलाच येत नव्हती, म्हणजे थ्रॉटल दिला की नाक वर करायची आणि तशीच पाणी ढकलत राहायची. तिकडच्या एका मेकॅनिकनं दर वेळी डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) थोडा फिरवून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं, कार्ब्युरेटर तीनदा खोलला, पैसे घेतले, आणि पंधरा दिवसात परत तेच.

मी दिवाळीत गेलो तेव्हा टायमिंग लाइट (ठिणगीसोबत चमकणारा दिवा) लावून पाहिला तर आयडलला डॅम्परवरची, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाच्या जड चाकावरची, खूण एका जागी थांबतच नव्हती, नुसती पुढेमागे नाचत होती. मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, मामाला म्हटलं तुम्ही फक्त आतल्या फिरणाऱ्या रोटरवर नजर ठेवा आणि हलला की ओरडा. मी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक एका दिशेला फिरवला, रोटर हलला तिथे डॅम्परवर खडूची रेघ मारली, मग उलटा फिरवायला घेतला, फिरवतोय फिरवतोय आणि मामा गप्पच. रोटर हलेपर्यंत डॅम्परच्या कडेवर जवळजवळ २ सेंटीमीटर अंतर गेलं होतं! ८ इंची डॅम्परवर एक अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर पडतो, म्हणजे ११ अंशांचा ढिलेपणा. पाचसहा अंशांच्या वर गेला की चेन संपली असंच धरायचं.

चेन लांबली की कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरच चालतो म्हणून स्पार्कही उशिरा पडतो. डिस्ट्रिब्युटर फिरवून फक्त स्पार्क सुधारतो, व्हॉल्व्ह तिथेच राहतात. म्हणून मामाचे दोन सीझन फुकट गेले, त्याचा मला अजून राग येतो.

ऑइल प्रेशर पण गरम झाल्यावर कमी दाखवत होतं. मेकॅनिक म्हणाला मीटर खराब आहे. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं, कारण त्या काळात जीएमच्या (शेवरलेची मूळ कंपनी) बऱ्याच इंजिनांत कॅमच्या गिअरचे दात नायलॉनचे असायचे, आवाज कमी यावा म्हणून, आणि ते जुने झाले की ठिसूळ होऊन तुटतात आणि तुटलेले तुकडे खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, पडतात. त्यामुळे चेंबर खोलल्याशिवाय हे काम करायचंच नाही असं मी ठरवलं. आणि बोटीत ते जमत नाही, इंजिनाखाली चेंबर उतरवायला जागाच नाही. म्हणून चेन कप्पी लावून अख्खं इंजिन बाहेर काढलं, पिकअपमध्ये पालखीसारखं बांधलं आणि पनवेल, शहापूर, कसारा घाट करत रात्री अंबडला आणलं.

खोलताना सगळ्यात आधी पाण्याचा पंप. खाऱ्या पाण्यात आयुष्य गेलेलं इंजिन आहे, एक बोल्ट तुटलाच, त्यावर नट वेल्ड करून काढला.

मग डॅम्पर. इथे कृपा करून दोन पायांचा बेअरिंग पुलर लावू नका. डॅम्परची बाहेरची रिंग आतल्या भागाला रबरानं चिकटवलेली असते, बाहेरून ओढलं की रबर सुटतं आणि रिंग सरकली की टायमिंगची खूणच खोटी होते. त्याला पुढून आटे पाडलेली तीन भोकं असतात, तीन सुती (३/८ इंच), बारीक आट्याची, इंचात २४ आटे. मेट्रिक बोल्ट त्यात जात नाही आणि जबरदस्ती केली तर आटे जातात. रविवार कारंजावर जुन्या हार्डवेअरच्या दुकानात तसे बोल्ट मिळाले, आणि १६ मिलिमीटरच्या प्लेटचा पुलर मी लेथवर स्वतः बनवला. त्यानं डॅम्पर लोण्यासारखा निघाला.

कव्हर काढलं आणि काका माझ्या शेजारी उभे होते. काका म्हणजे आमच्या गल्लीतले, ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, त्यांना सांगितलं होतं की या. त्यांनी चेन बोटानं दाबली आणि काहीच बोलले नाहीत. चेन दोन्ही बाजूंनी लोंबत होती. कॅमच्या गिअरचं नायलॉन चहासारखं तपकिरी झालं होतं आणि एका ठिकाणी सलग चार दातांचे टवके उडालेले.

मग इंजिन स्टँडवर उलटं करून चेंबर काढला. ऑइल पंपाच्या जाळीवर नायलॉनचे तुकडे, काही नखाएवढे, काही मोहरीएवढे, काळ्या चिकट गाळात रुतलेले, जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग बंद. मी चिमट्यानं एकेक काढून पेपरवर ठेवत होतो, काका मोजत होते, एकतीसनंतर आम्ही मोजणं सोडलं. मीटर खराब नव्हता!! नुसती चेन बदलून दिली असती तर चेन नवी आणि बेअरिंगं उपाशी. जाळी आणि ऑइल पंप दोन्ही नवीन टाकले.

नवीन सेट डबल रोलर, दोन्ही गिअर लोखंडी. चेन आणि गिअर कारच्याच इंजिनाचे चालतात, फक्त इंजिन कोणत्या दिशेनं फिरतं ते आधी बघा, दोन इंजिनांच्या बोटीत एक उलटं असू शकतं. यावरून मामा म्हणाले, मग स्टार्टर पण कारचाच टाक ना, स्वस्तात मिळतोय. तिथे मात्र मी स्पष्ट नाही म्हणालो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचते, आणि बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आतली ठिणगी बाहेर जाणार नाही असे बनवलेले असतात. कारचे तसे नसतात. मामांनी ऐकलं.

बसवताना दोन्ही गिअरच्या खुणा समोरासमोर, कॅमची खाली आणि क्रँकची वर. मी हातोडी उचलली तर काकांनी हात धरला, म्हणाले, "अरे, ठोकू नकोस, या जुन्या इंजिनात कॅमला मागे अडवायला काही नाही, मागचं बुच सुटेल आणि फ्लायव्हीलमागून ऑइल गळत बसेल." मग हातानं बसवून तीन बोल्ट थोडे थोडे आवळत आणला, शेवटी टॉर्क रेंचनं २७ न्यूटन मीटर. डॅम्परही तसाच, साडेतीन सुती स्टड आणि नटनं ओढून, मग त्याचा बोल्ट ८१ न्यूटन मीटर.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. खुणा समोरासमोर असतात तेव्हा १ नंबर नाही, ६ नंबर सिलेंडर फायरिंगवर असतो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, १ आणि ६ बरोबर एका क्रँक फेऱ्यानं लांब. मी साफसफाईसाठी डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला होता, म्हणून क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवला, कॅमची खूण वर आली, मगच रोटर १ नंबरच्या वायरकडे ठेवून बसवला.

चालू करायला २०० लिटरचा ड्रम भरून त्यात पाण्याच्या पंपाचा पाइप सोडला, कारण रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लगेच फाटतो. दुसऱ्या सेल्फला लागलं. टायमिंग लाइट मारला तर ८ अंशांवर खूण कोरल्यासारखी उभी, हलायला तयार नाही, काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर टिकून होतं.

इंजिन परत बसवल्यावर २५ तास चालवून मामांनी ऑइल फिल्टर काढला आणि मी सांगितलं तसा करवतीनं कापून आतला कागद पेपरवर उलगडून फोटो पाठवले. मी झूम करकरून प्रत्येक घडी पाहिली, तपकिरी तुकडा एकही नव्हता.